कुंदा तसाच ठेवा, चहा बदला

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या रक्तात साखर सापडली, आणि त्याच आठवड्यात आमच्या शहापूरच्या घरात मी कुंद्याचा जीव घेतला.

कुंदा म्हणजे दूध आटवून केलेली आमची मिठाई; बेळगावात जन्म काढलेल्या माणसानं ती सोडायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायचं नाही. सोडणं जमणार नव्हतं म्हणून 'हलका' कुंदा करायचं ठरवलं. मोबाइलवर कृती सापडलीच: साय काढलेलं दूध, साखरेऐवजी सेंद्रिय गूळ, तूप नावाला. दूध जरा आटलं आणि मी हौसेनं गुळाचा चुरा त्या उकळत्या दुधात लोटला. ज्यांची स्वयंपाकघराशी थोडीफार ओळख आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दोन मिनिटांत एका बाजूला पिवळट पाणी, दुसऱ्या बाजूला रबरासारखे गोळे. कुंदा दाणेदार व्हावा म्हणून दह्याचा हात लावतात हे ऐकून होतो, तेव्हा हेही त्यातलंच असेल अशा भरवशावर मी आणखी तासभर ढवळत राहिलो. शेवटी कढईच्या बुडाशी जे उरलं त्याचा रंग तेवढा कुंद्याचा होता.

आईनं ते बोटावर घेऊन चाखलं. आईचं वय ब्याऐंशी, माहेर जांबोटीकडचं. म्हणाली, "डॉक्टरनं नको म्हटलंय तर खाऊ नकोस की. पण त्याला नासवू तरी नकोस."

पुढं मी जे काही लिहिणार आहे ते या दोन वाक्यांतच आलं, त्यामुळं श्रेय तिचं.

आवडीचे पदार्थ घरच्या घरी हलके करण्याची सध्या लाट आहे. मैदा काढा, कणीक घाला. साखर काढा, खजूर घाला. तळू नका, भाजा. यातलं बरंचसं चांगलंच आहे. पण माझी तक्रार अशी की आपण बदल करायला नेमका चुकीचा पदार्थ निवडतो. सणाचा पदार्थ पकडतो आणि रोजचा मोकळा सोडतो. कुंदा, मांडे, पुरणाच्या पोळ्या, गोकाकचं करदंट ही काही आपल्या दुखण्याची कारणं नव्हेत. मांडे घरात कधी येतात? लग्नकार्यात. उपड्या कढईवर हातानं पसरलेला तो कागदासारखा पापुद्रा, आत पिठीसाखर, तूप, खसखस. वर्षात दोन खाल्ले तर खूप. एरवी आपण मांडे मनातच खातो आणि मनातल्या मांड्यांना कॅलरी नसतात. त्यात साखरेऐवजी कसली तरी गोड पावडर भरून काय मिळवायचं? दोनाचे चार खाल्ले जातील, एवढंच. 'शुगर फ्री' लिहिलेल्या डब्यातला माणूस तिसरा तुकडाही बेधडक उचलतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

करदंटाचं तर नावच कन्नडमधलं, तळलेला डिंक अशा अर्थाचं. डिंक, गूळ, सुकं खोबरं, बदाम, अंजीर. बाळंतिणीला देतात त्या डिंकाच्या लाडवाचा हा थोरला भाऊ. तो जड आहे कारण तो जड असावा म्हणूनच केलाय. त्याला हलका करणं म्हणजे पैलवानाला उपास घडवून वर त्याच्याकडून कुस्तीची अपेक्षा करणं.

मग रोजचं काय? रोजचा चहा. आमच्या बँकेत सकाळी एक, अकराला एक, जेवणानंतर एक, चारला एक आणि घरी गेल्यावर एक. 'हाप' म्हणत म्हणत पाच होतात. कपात दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर दिवसाला ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो, वर्षाला १८ किलो. पाच वर्षांच्या पोराचं वजन साधारण एवढं असतं. म्हणजे दरवर्षी एक पोर मी चहात विरघळवून पीत होतो आणि दोष मात्र दिवाळीतल्या पाव किलो कुंद्याला देत होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे, असेल तर अधिक चांगलं. साधारण २००० उष्मांकांच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. माझा कोटा चहातच संपत होता. बिस्किट, गोडाचा शिरा, बाटलीतलं सरबत, लग्नातला जिलेबीचा तुकडा, हे सगळं कोट्याबाहेर.

चहातली साखर कमी करणं जमतं, पण एकदम जमत नाही. मी आधी दोनाचे दीड केले, तीन आठवड्यांनी एक, मग अर्धा. आता कुणाकडचा नेहमीचा चहा प्यायलो की पाक प्यायल्यासारखं वाटतं. जीभ शिकते, फक्त तिला घाई केलेली चालत नाही. या बदलाला कसली कृती लागत नाही, मोबाइल लागत नाही, खर्च तर उलट कमी होतो. कदाचित म्हणूनच त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

इथं गुळाचा विषय येणारच, कारण आमच्या भागात गुळावर श्रद्धा आहे. आईच्या लहानपणी गुळाचा चहा गरिबाचा होता आणि पाहुणा आला की साखर निघायची. आता हमरस्त्यावर 'गुळाचा चहा' अशा पाट्या लावून तो साध्या चहापेक्षा महाग विकतात. गूळ चवीला चांगला, त्यात थोडं लोह आणि खनिजं असतात, सगळं मान्य. पण १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी असतील तर १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास असतात, आणि गुळाचा मोठा भाग शेवटी साखरच. मधुमेह्याच्या रक्ताला गाळपाचा फरक कळत नाही. गुळाचा चहा प्यायचा तर आवडतो म्हणून प्या, औषध म्हणून नको. तीच गत लाकडी घाण्याच्या तेलाची. वास सुरेख, पण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरीच. ऑलिव्हचं असो, शेंगतेल असो की साजूक तूप. पळी बदलली पाहिजे, डबा बदलून भागत नाही.

गंमत म्हणजे हा वाद आमच्या गावाला नवा नाही. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत अजून आहे. पुढं दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, त्यांनी ग्रामोद्योग संघ काढला आणि हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, साखरेऐवजी गूळ यांचा आग्रह धरला. त्यामागं गावातल्या हाताला काम मिळावं हा हिशेब होता, आणि तो हिशेब आजही पटतो. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाबद्दल तर ते बरोबरच होते. आपण मात्र त्यातलं काम विसरलो आणि गूळ तेवढा लक्षात ठेवला.

माझं म्हणणं इतकंच की जे रोज ताटात पडतं तिकडं आधी वळा. आणि तिथं बदलाचं सामान घरातच, किंवा फार तर तालुक्यात मिळतं. ओट्स आणि किन्वा आणायला मॉलमध्ये जायची गरज नाही. खानापूर भागात डोंगर उतारावर नाचणी पिकते. आई तिला नाचणा म्हणते. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात १० च्या घरात. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हा नाचणीला अचानक भाव आला आणि तिची बिस्किटंही निघाली. पुडा उलटून वाचा: बहुतेक वेळा पहिला घटक मैदा, दुसरा साखर, आणि नाचणी मागच्या बाकावर बसलेल्या पोरासारखी शेवटी.

नाचणीत जादू नाही हेही सांगून टाकतो. चार भाकऱ्या खाल्ल्या तर चार भाकऱ्यांचा स्टार्च पोटात जाणारच. पण भाताच्या डोंगराच्या जागी एक भाकरी, वाटीभर पालेभाजी आणि थोडा भात अशी अदलाबदल केली की पोट लवकर भरतं. तसंच उप्पीट. आमच्याकडं सकाळी दोन दिवसांआड उप्पीट असतं. बारीक पांढऱ्या रव्याच्या जागी खपली गव्हाचा जाड रवा घातला, भाजी रव्याइतकी घातली, की ते उप्पीटच राहतं. फक्त शिजायला दहा मिनिटं जास्त लागतात आणि चावावं लागतं. खपली म्हणजे आमच्या सणाची हुग्गी, गव्हाची खीर, जिची होते तीच. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं तिचे डीडीके १०२५, डीडीके १०२९ असे सुधारित वाणही दिलेत, म्हणजे हे फक्त आजीच्या आठवणीतलं धान्य राहिलेलं नाही.

बुत्तीही अशीच. दही-भाताला आम्ही बुत्तीच म्हणतो, भाषा कुठलीही असो. भात अर्धा केला, खानापूरच्या मडक्यात लावलेलं दही दुप्पट, त्यात किसलेली काकडी, वरून हिंग-मोहरी-कढीपत्त्याची अर्ध्या चमच्याची फोडणी. क्रीम आणि सॉस हलके करायला लोक ज्याला ग्रीक योगर्ट म्हणून महाग विकत घेतात तो आपला चक्का. फडक्यात दही बांधून नळाला टांगायचं, सकाळी तयार. भज्यांचं मात्र मला काही सुचत नाही. भजी हलकी होत नाहीत. एअर फ्रायरमधून निघतात त्यांना दुसरं काही नाव द्यावं. माझा नियम असा की बाहेर पाऊस असेल तरच भजी. बेळगावात पाऊस चार महिने असतो, ही त्या नियमातली अडचण.

रताळ्याबद्दल मात्र बोलायला पाहिजे, कारण इथं आपण खरोखर करंटे आहोत. बेळगावच्या पश्चिमेची आणि खानापूरची तांबडी माती रताळ्याची. नवरात्राच्या सुमाराला मार्केट यार्डात पोत्यांच्या राशी लागतात आणि ट्रक भरून उत्तरेकडं जातात. आपण काय करतो? एकादशीला साबुदाणा आणतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिन जवळजवळ नाहीच. त्याला वातड होऊ नये म्हणून तूप आणि चव यावी म्हणून कूट. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण कुणी साबुदाण्याची खिचडी बघूनच केली असावी. रताळ्याचा कीस हा उपासाचाच पदार्थ आहे, आपला आहे, बांधावरचा आहे. एक चमचा तूप, जिरं, हिरवी मिरची, मूठभर ओबडधोबड कूट आणि वर लिंबू. नाही तर नुसतं उकडलेलं रताळं, ताकाबरोबर. भाजलेल्यापेक्षा उकडलेलं रताळं रक्तातली साखर सावकाश चढवतं, हे मला आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तेव्हा आई शेजारी बसून हसत होती. तिच्या लहानपणी रताळी चुलीवरच्या मडक्यात उकडूनच व्हायची.

आता दोन आक्षेप. पहिला आमच्या गल्लीच्या कट्ट्यावरचा: "आमचे आजोबा तूप-गूळ खाऊन नव्वद वर्षं जगले." जगले असतील. ते नांगरामागं चालायचे आणि तूपही त्यांना सणालाच मिळायचं. शिवाय त्यांचे जे भाऊ चाळिशीत गेले ते कट्ट्यावर येऊन सांगू शकत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आजोबांच्या गोष्टीनं त्यातला एकही आकडा कमी होत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे आणि त्याला माझ्याकडं पुरं उत्तर नाही. नाचणी, खपली, घरचं दही, ताज्या भाज्या हे कुणाला परवडतं? २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेत गरिबाच्या घरात तांदूळ येतो. त्यानं पोटं भरली, आणि ज्यानं रिकामं पोट बघितलंय तो त्या तांदळाला नाव ठेवणार नाही. पण दारात फुकट आलेल्या तांदळापुढं बाजारातली नाचणी उभी राहत नाही, हेही खरं. तिकडं चिकोडी, अथणी, रायबागला कालव्याचं पाणी आलं आणि जोंधळ्याच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस लावू नका असं शेतकऱ्याला कोण सांगणार? कारखाना पैसे देतो, उशिरा का होईना. ज्या जिल्ह्याचं राजकारण, सोसायट्या आणि लग्नाचे मुहूर्तसुद्धा गळीत हंगामाकडं बघून ठरतात, त्या जिल्ह्यात साखर कमी खा म्हणणं जरा धाडसाचंच. तरी शाळेच्या, अंगणवाडीच्या आणि रेशनच्या तांदळातला थोडा वाटा इथल्याच नाचणी-जोंधळ्याला द्यावा, ही मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंनी, दोन्ही भाषांत करता येईल. एक नोव्हेंबरला कुणी राज्योत्सव करतो, कुणी काळा दिवस पाळतो; त्या दिवशी आपण कुठल्या बाजूला उभे असतो त्याचा भाकरीशी संबंध नाही. ती इकडं भाकरी आणि तिकडं रोट्टी, तवा एकच.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, माझा कबुलीजबाब आहे. 'उद्यापासून नाचणीची भाकरी' हे मी जाहीर केलं. दळण बायकोनं आणलं. उकड तिनं काढली, थापल्या तिनं. चौथ्या दिवशी तिनं परात माझ्यासमोर ठेवली. "अहो, साखर तुमची, भाकरीही तुम्हीच थापा." तिचं माहेर निपाणीचं, बोलणं सरळ असतं. नाचणीच्या पिठाला चिकटपणा नसतो. पाणी खळखळ उकळतं हवं, पीठ त्यात घालून झाकण ठेवायचं, हात भाजतील इतक्या गरम उकडीलाच मळायचं. गार झाली की कडा फुटतात. माझी पहिली भाकरी काटकोनात फुटली. तिच्या कडा अशा होत्या की दोन राज्यांनी दावा ठोकावा आणि खटला सुप्रीम कोर्टात पडून राहावा. आता, सहा महिन्यांनी, ती साधारण गोल येते. मला यातून कळलं ते एवढं की घरगुती बदलांच्या गप्पा मारणारे बहुतेक पुरुष असतात, आणि 'घरगुती' या शब्दात बाईची दीड तासाची जास्तीची मेहनत मोजलेलीच नसते. ज्या बदलानं एकाच माणसाचं काम वाढतं तो दोन महिन्यांवर टिकत नाही. रव्याचं, बुत्तीचं, चहाचं टिकलं, कारण त्यात काम वाढलं नाही. भाकरीचं टिकलं ते मी थापायला लागलो म्हणून.

आणि म्हणूनच मला वाटतं की हा प्रश्न एकेका घराच्या ओट्यावर सोडून चालणार नाही. आपण महिन्यातून किती वेळा बाहेरच्या पंगतीला जेवतो? लग्न, बारसं, वास्तुशांत, गल्लीच्या मंडळाचा महाप्रसाद, यात्रा, सेवानिवृत्तीचा समारंभ. तिथं आचारी जे घालील ते पोटात जातं. सौंदत्तीच्या यल्लम्माला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो. आंबवलेलं पीठ आणि उकडलेली कडधान्यं, ना तळण ना पाक. देवीला चालतं ते मंडळाला का चालू नये? महाप्रसादात शिरा ठेवाच, पण वाटी लहान करा आणि शेजारी घुगऱ्यांचा द्रोण द्या. पंगतीत जोंधळ्याची भाकरी आणि भरली वांगी आता हौसेनं ठेवतात, ते चांगलंच झालं. पण सगळ्यात सोपी सुधारणा मी सांगतो: कचेरीत, लग्नात, मंडळात चहा बिनसाखरेचा करा आणि साखर बाजूला ठेवा. ज्याला दोन चमचे हवेत त्यानं दोन घ्यावेत. आज उलटं आहे. साखर सक्तीची आहे आणि ज्याला नको तो 'पेशंट' ठरतो. "तुमचा वेगळा आणू का सर?" असं चारचौघांत विचारल्यावर निम्मे लोक संकोचानं गोडच पितात. मीही कित्येक महिने प्यायलो.

फेब्रुवारीत पुतणीचं लग्न होतं. मी भावाला पटवलं, आचाऱ्याला मात्र पटेना. "मग चा कोण पिणार सर? शिव्या मला पडतील." शेवटी सकाळच्या चहापुरतं ठरलं. पातेलं बिनसाखरेचं, शेजारी दोन ताटांत साखर आणि चमचे. पहिला अर्धा तास गोंधळ झाला. वरपक्षाच्या एका मामांनी पहिल्याच घोटाला चेहरा असा केला की मी खांबामागं गेलो. मग लोकांनी आपापली घेतली. कुणी तीन चमचेही घेतले. काहींनी एकच घेऊन ढवळत शेजारच्याला सांगितलं, "मलाबी शुगर हाय." असं सांगणारे इतके निघाले की मांडवात एक छोटी सभाच भरली, आणि तिथं पहिल्यांदा मला कळलं की आमच्या थोरल्या साडूंना आठ वर्षांपासून आहे.

जेवणात कुंदा होता. नेहमीचाच, साखरेचा, तांबूस, तुपाचा हात लागलेला. आईनं आणि मी एका वाटीतला मिळून खाल्ला. संध्याकाळी आचारी उरलेल्या साखरेची अर्धी पिशवी घेऊन गेला. बिलात ती पूर्ण लावली होती.